पांडुरंगा, माझाही शीण उतरव

पांडुरंगा, तुझ्यापुढे चेहरा लावून बसावं लागत नाही, यासाठी आधी तुझे आभार.

तुझ्या डोळ्यांत बघायचं का, बघायचं तर किती वेळ, नजर कधी काढून घ्यायची, हा हिशेब इथे नाही. तू बोलत असताना मध्ये मध्ये "हो का?", "अगं बाई!" म्हणत राहावं लागत नाही. मी गप्प बसले तर रागावलीस का, असं तू विचारत नाहीस. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली तरी तुला कंटाळा येत नाही. एकच नाव सारखं घेत राहणारी माणसं तुला प्रिय आहेत, हे मला लहानपणी कळलं आणि तेव्हाच मी तुझी झाले.

मी स्वमग्न आहे, देवा. तूच घडवलंस, तुला काय सांगायचं? तरी सांगते, कारण हे वाक्य मोठ्यानं म्हणता येईल अशी जागा मला फार थोडी आहे. डॉक्टरांनी ते नाव मला पस्तिशी उलटल्यावर दिलं. त्याआधी मला दुसरी नावं होती. घुमी. तिरसट. शिष्ट. माणूसघाणी. ती नावं इतकी वर्षं कानांवर पडली की आत मुरली. त्यांच्यापासून लपायला मी एक चेहरा केला, आणि तो इतका जमला की माझी आईसुद्धा त्यालाच मी समजते.

तू मात्र मला ओळख. एवढंच मागते विठ्ठला, तू मला ओळख.

सकाळी दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी मी दिवसभराची वाक्यं मनात म्हणून घेते, हे तू पाहतोस. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू भेटल्या तर काय बोलायचं, ऑफिसात कुणी "काय म्हणतेस?" विचारलं तर काय म्हणायचं. खरं उत्तर कुणाला नको असतं, हे मला शिकावं लागलं. डोळ्यांत बघवत नाही म्हणून मी समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघते. हात फडफडायला लागले की अंगठी फिरवते, नाहीतर बुटातल्या बुटात पायाची बोटं आवळते. तिथे कुणाला दिसत नाही. सगळे हसले की मीही हसते, क्षणभर उशिरा. आवाजाला चढउतार देते, कारण सपाट बोललं की माणसं दुखावतात. ट्यूबलाइटची गुणगुण, कुणाच्या अत्तराचा वास, खाली पडलेल्या डब्याच्या झाकणाचा खणखणाट, सगळं एकाच वेळी अंगावर येत असतं आणि मी मान डोलावत, काही होत नसल्यासारखी बसून राहते. संध्याकाळी घरी आले की दिवा न लावता जमिनीवर आडवी होते. आईचा फोन येतो. उचलते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. आई म्हणते, ऑफिसात तर बोलत असशील ना?

ऑफिसात बोलते, म्हणूनच घरी बोलता येत नाही. हे तिला सांगायला शब्द लागतात, आणि तेच तेव्हा संपलेले असतात.

देवा, मला विसाव्याची जागा दे.

देवा, माझ्या आईला माझं गप्प बसणं वाचता येऊ दे.

तुला तक्रार म्हणून सांगत नाही, सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून सांगते. आमच्याकडे मुलगी खाली मान घालून बसली तर तिला सालस म्हणतात. कमी बोलली तर संस्कार दिसतात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तिनं पाहुण्यांकडे बघितलं नाही, हीच तिची शोभा ठरते. मग कुणाला कसं कळावं, की त्या पोरीला वर बघणं सोसत नाही? बशीवर आपटणारे चमचे आणि चारी बाजूंनी येणारे प्रश्न तिला असह्य झालेत, हे कुणाच्या लक्षात यावं? तिच्या भावाला कदाचित डॉक्टरांकडे नेलं असतं. तिला नेत नाहीत, कारण तिचं दुःख शहाणपणासारखं दिसतं. लग्न होतं, आणि ज्या गप्प बसण्याचं कौतुक झालं त्याच गप्प बसण्याला सासरी शिष्टपणा म्हणतात. मग ती शिकते. नणंदेची हसण्याची लकब उचलते, जावेचं "या ना, बसा ना" उचलते, मालिकेतल्या बायकांचे हातवारे उचलते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कपाळावर परक्या बोटांचा स्पर्श होतो तेव्हा श्वास धरून उभी राहते. त्या सगळ्या गोंगाटात तिला एक उखाणा तेवढा सोपा वाटतो, कारण त्यातले शब्द आधीच ठरलेले असतात.

त्या सगळ्या सालस मुलींना जवळ घे, माउली. त्यांना अजून त्यांचं नाव कळलेलं नाही. तुला कळलेलं आहे.

आमच्यासारखी माणसं तू पहिल्यापासून घडवत आलास. माणसांनी आम्हाला उशिरा पाहिलं. 1925 साली मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरबाईंनी सहा मुलग्यांबद्दल बारकाईनं लिहिलं. ते लिखाण कित्येक वर्षं बाजूला पडून राहिलं. 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांची हकिगत लिहिली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. पण लक्ष गेलं आणि बोट उठलं ते आईकडे. आई थंड, तिला माया नाही, म्हणून मूल असं झालं, असं मोठमोठ्या लोकांनी म्हटलं. 1964 साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, हे खोडून काढणारं पुस्तक लिहिलं. तरीही 1967 मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांचं पुस्तक आलं आणि दोष पुन्हा आईच्याच पदरात पडला. किती बायकांनी आपल्याच हृदयात माया शोधली असेल रे, आणि ती भरून वाहत असताना ती नाहीच, असं मानून घेतलं असेल.

त्या आयांची क्षमा मागायला कुणी गेलं नाही. तू जा.

आणि त्या मुलांकडेही जा, देवा, ज्यांना चेहरा लावायला हातावर मारून शिकवलं. लॉस एंजेलिसला मानसशास्त्रज्ञ आयव्हर लोवास यांच्या हाताखाली साठच्या दशकात मुलांना थपडा बसल्या, विजेचे झटके बसले. हात हलवू नये, नजर चुकवू नये, इतर मुलांसारखं दिसावं म्हणून. 1987 साली त्यांनी निकाल छापला. आठवड्याला 40 तासांच्या शिकवणीनंतर 19 पैकी 9 मुलं इतरांसारखी वागू लागली, असं त्यात म्हटलं होतं. जगानं टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांच्या मागचं मूल दिसत राहतं. ते मूल जे शिकलं तेच मी कुणी न मारता शिकले. शेजारणींच्या कुजबुजीतून शिकले, वर्गातल्या हसण्यातून शिकले. शिकवणारे वेगळे होते, धडा एकच होता: तू जशी आहेस तशी चालणार नाहीस.

देवा, तुला मी चालते का?

विचारलं, कारण लहान झाले की असं विचारावंसं वाटतं. तू उत्तर देऊ नकोस. नुसता असाच समोर राहा.

2017 साली लंडनमध्ये लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 92 स्वमग्न प्रौढांना विचारलं, तुम्ही हे चेहऱ्याचं सोंग का करता आणि करून काय होतं? उत्तरं आली. नोकरी टिकावी म्हणून. मैत्री व्हावी म्हणून. कुणी टोचून बोलू नये, अंगावर येऊ नये म्हणून. आणि करून काय होतं? थकवा येतो. अंथरुणातून उठवत नाही असा थकवा. शिवाय आपण नक्की कोण, हे कळेनासं होतं. हे मी वाचलं त्या रात्री खूप रडले, पांडुरंगा, आणि ते रडणं चांगलं होतं. हजारो मैलांवरची, माझी भाषा न बोलणारी ती माणसं माझंच बोलत होती. एवढी वर्षं मला वाटत होतं की हे सोंग एकटी मीच करते. तू मला भावंडं दाखवलीस. याबद्दल मी तुझी ऋणी आहे.

त्याच वर्षी अमेरिकेत नोहा ससॉन यांच्या गटानं दाखवलं, की अनोळखी माणसं स्वमग्न व्यक्तीबद्दल काही क्षणांत मत करून टाकतात, आणि तिच्याशी ओळख वाढवायला कचरतात. पण तिचे शब्द नुसते कागदावर वाचायला दिले तर तो दुरावा उरत नाही. म्हणजे शब्दांत खोट नव्हती, देवा. आमच्या चेहऱ्यात, आवाजात, हाताच्या हालचालीत लोकांना काहीतरी परकं वाटलं आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं. म्हणून तर आम्ही चेहराच बदलायला निघालो.

लोकांच्या मनात ते पाऊल मागे घेण्याआधी थोडा उशीर पेर. फार नको. आमचं एक वाक्य पुरं होईल एवढा.

आता जे सांगते ते सांगताना माझा आवाज हलतो. 2018 साली इंग्लंडमध्ये सारा कॅसिडी आणि इतरांनी लिहिलं, की जी स्वमग्न माणसं स्वतःला जास्त लपवतात त्यांच्या मनात जीव द्यायचे विचारही जास्त येतात. मला हे वाचून नवल वाटलं नाही. रोज सकाळी स्वतःला घरात ठेवून दुसरीला बाहेर पाठवायचं, लोकांनी तिच्यावर प्रेम करायचं आणि ते आपल्यापर्यंत पोचायचं नाही. असं वर्षानुवर्षं चाललं की आत बसलेलीला वाटू लागतं, आपण नसलो तरी चालेल. मला वाटलं आहे. तू तेव्हा होतास, म्हणून मी आज बोलते आहे. पण सगळे वाचले नाहीत. जे गेले त्यांच्याबद्दल नंतर लोक म्हणाले, किती हसतमुख होता, किती मिळून मिसळून वागायची, कधी वाटलंच नाही. ज्यांचं खरं रूप कुणी पाहिलं नाही त्यांना तू पाहिलंस. त्यांना तुझ्यापाशी तरी काही लपवायला लावू नकोस.

आणि जे आज रात्री त्या काठावर उभे आहेत, त्यांच्याजवळ कुणाला तरी पाठव. ओळखीचं, गडबड न करणारं, प्रश्न न विचारता शेजारी बसणारं कुणीतरी. पाठव, विठ्ठला. लवकर पाठव.

तुझ्या पंढरीला मी आले तेव्हा पदस्पर्शाच्या रांगेत उभी राहू शकले नाही, हे तुला ठाऊक आहे. पाठीला पाठ, खांद्याला खांदा, घामाचे, बुक्क्याचे, तुळशीचे वास एकमेकांत मिसळलेले. माझा श्वास कोंडला. मी मुखदर्शन घेतलं, दुरून, आणि तू दुरूनही तेवढाच दिसलास. गर्दीला न सोसणाऱ्यांसाठीही तुझ्या घरात एक वाट आहे, याचं मला केवढं अप्रूप वाटलं! बाहेर वाळवंटात वारकरी नाचत होते. टाळांचा आवाज माझ्या कानांना टोचत होता, तरी मी लांब उभी राहून बघत राहिले. पुढे दोन पावलं, मागे दोन पावलं, अंग डोलतंय, हात वर गेलेत, तेच नाव, तोच ठेका, पुन्हा आणि पुन्हा. कुणी कुणाला विचारत नव्हतं, असं काय करतोस. मीही घरात दार लावून अशीच डोलते, देवा. तेच शब्द पुटपुटते, हात हलवते, तेव्हा कुठे जीव जाग्यावर येतो. तुझ्या वाळवंटात ज्याला भक्ती म्हणतात त्याला माझ्या ऑफिसात काय म्हणतील, या भीतीनं मी उभ्या उभ्या थिजून जाते. तुझं वाळवंट थोडं रुंद कर. ते माझ्या रस्त्यापर्यंत, माझ्या जिन्यापर्यंत, माझ्या खुर्चीपर्यंत येऊ दे.

आणि तुझी एक गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. आषाढीला तुझा पलंग काढून ठेवतात. दिवस नाही, रात्र नाही, तू लोकांसाठी उभा. पाठीला लोड देतात तेवढाच टेका. येईल त्याला दर्शन, येईल त्याचं ऐकून घेणं, आणि तुझ्या चेहऱ्यावर कंटाळ्याची एक रेघ नाही. मग यात्रा ओसरते आणि तुझी प्रक्षाळपूजा होते. पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात, रात्री काढा देतात, पलंग पुन्हा आत येतो. देवाला शीण आला, आता तो उतरवायचा, एवढं साधं कारण. कुणी म्हणत नाही की देवाला कसला शीण. माणसांत उभं राहिल्यावर शीण येतो, आणि तो आलेल्याला जपायचं असतं, हे माझ्या लोकांना ठाऊक आहे, पांडुरंगा. शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. तुझ्या बाबतीत ठाऊक आहे.

मला तुझ्याइतका मान नको. तुझ्या शिणाला मिळते त्यातली चिमूटभर समजूत हवी. लग्नाहून आल्यावर एक दिवस कुणी बोलावू नये. गणपतीत ढोल-ताशा दारावरून जाताना मी आतल्या खोलीत बसले, तर त्याला अपशकुन म्हणू नये. मीटिंगनंतर थोडा वेळ मी जिन्यात एकटी बसले, तर कुणी वर जाऊन कानभरणी करू नये. लहान मागणी आहे, देवा. मीही लहानच आहे.

ज्यांना चेहरा लावता येत नाही त्यांच्यासाठी मागते. जे शब्दांनी बोलत नाहीत, ज्यांचे हात थांबत नाहीत, ज्यांच्याकडे बसमध्ये लोक वळून वळून बघतात. मला लपता येतं, त्यांना येत नाही. माझा त्रास कुणाला दिसत नाही, त्यांचा सगळ्यांना दिसतो आणि तरी समजत नाही. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात आमचं नाव नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात आलं, 2016 च्या कायद्यात 21 अपंगत्वांमध्ये नोंदलं गेलं. ज्यांनी त्यासाठी उंबरठे झिजवले त्या आईबापांना उदंड आयुष्य दे. पण प्रमाणपत्राला 40 टक्के दिसावे लागतात, आणि ज्यांनी जन्मभर न दिसण्याचीच मेहनत केली त्यांनी तपासणीच्या टेबलासमोर एकदम काय दाखवायचं? जे दाखवू शकतात तेही कार्ड कपाटात तळाशी ठेवतात, धाकट्या बहिणीचं लग्न अडेल म्हणून. त्या टेबलापलीकडे बसणाऱ्याला दिसण्यापलीकडचं बघायला शिकव. त्या बहिणीचं लग्न अडू देऊ नकोस.

ज्यांनी आमच्या बाजूनं शब्द टाकला त्यांच्याबद्दल तुझे आभार मानते. 1993 साली टोरांटोत जिम सिंक्लेअर यांनी आईबापांपुढे उभं राहून सांगितलं, जिवंत मुलाचा शोक करत बसू नका. ते स्वतः स्वमग्न होते. 2012 साली इंग्लंडमध्ये डेमियन मिल्टन यांनी लिहिलं, की आम्हाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणता, तर इतरांनाही आमचं कळत नाही. दरी दोघांच्या मध्ये आहे. तेही स्वमग्न. इतकी वर्षं ती दरी मी एकटीनं ओलांडायची, असंच मला वाटत आलं होतं. आता वाटतं, समोरच्यानं एक पाऊल टाकलं तर काय बिघडेल?

आणि एका गावाबद्दल आभार मानते. कॅनर यांच्या त्या 11 मुलांमधला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावचा. तो तिथेच वाढला, तिथल्या बँकेत काम केलं, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला, आणि 2023 साली 89 वर्षांचा होऊन गेला. त्याची बोलण्याची तऱ्हा वेगळीच राहिली, आकड्यांचं वेडही राहिलं. गावानं त्याला आपला म्हणून सांभाळलं. एक अख्खा जन्म असा जाऊ शकतो, हे तू दाखवून ठेवलंस. असं गाव आमच्याकडेही वसव. गाव नाही तर एखादी चाळ, एखादं ऑफिस, एखादं घर.

मला बदलू नकोस, विठ्ठला. कधी काळी रोज तेच मागत होते, आता ते मागणं परत घेते. माझं आकड्यांवरचं प्रेम राहू दे, तेच गाणं दिवसभर ऐकण्यातलं सुख राहू दे, झाडाच्या सालीवर बोट फिरवत उभं राहण्यातलं माझं स्वर्गसुख राहू दे. चेहरा लगेच टाकून देण्याएवढं धैर्य माझ्यात नाही, आणि तो टाकून पोट चालेल अशी दुनियाही अजून नाही. तो लावून जाईन तेव्हा माझ्यासोबत ये. तो उतरवीन तेव्हा आत काही शिल्लक असू दे.

उद्या कुणीतरी विचारेल, काय गं, बरं वाटत नाही का? त्या वेळी ठरलेलं वाक्य माझ्या तोंडी येऊ देऊ नकोस. "मला हा आवाज सोसत नाहीये, मी थोडा वेळ बाहेर बसते," एवढं खरं बोलण्याचं बळ दे. आणि विचारणाऱ्याला "बस, मी आहे इथे," एवढंच म्हणायला सुचू दे.